लाल विंचवाचा दंश आणि पेशीपटल : बालाघाटातील एका प्रकरणाचा अभ्यास

येथे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. लाल विंचवाच्या दंशाचे जे चित्र वैद्यकीय लेखनात वारंवार वर्णिलेले आढळते, त्यावरून रुग्ण, गाव आणि नोंदी अभ्यासासाठी जुळवल्या आहेत. पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, रचना आणि कार्य एका सलग घटनेतून पाहता यावे, एवढाच यामागचा हेतू आहे. औषधांच्या मात्रा यंत्रणा समजावी म्हणून दिल्या आहेत. त्या घरी वापरण्यासाठी नाहीत.

प्रसंग

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या रांगेतल्या एका वाडीवर, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरच्या संध्याकाळी, 8 वर्षांचा एक मुलगा माळवदाच्या घरामागे रचून ठेवलेल्या गोवऱ्या आणायला गेला. खालच्या थरातली गोवरी ओढताना उजव्या हाताच्या करंगळीला त्याला दंश झाला. वेळ साधारण साडेसातची होती. पावसाचे पाणी बिळांत आणि दगडांच्या फटींत शिरले की विंचू कोरड्या जागेच्या शोधात घराच्या आसऱ्याला येतात, हे त्या भागात लहानथोरांना ठाऊक असते. आजीने बॅटरीच्या उजेडात तो विंचू पाहिला होता, आणि पुढे डॉक्टरांना तिने सांगितलेले एक वाक्य निदानासाठी सर्वांत उपयोगी ठरले : “काळी इंगळी नव्हती साहेब, तांबडाच व्हता, बोटाएवढा.” मोठी काळी इंगळी दिसायला भीतिदायक असली आणि तिच्या दंशाने आग होत असली तरी जीव सहसा जात नाही. तांबूस, आकाराने लहान, पुढच्या बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा लाल विंचू मात्र, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, प्राणघातक ठरू शकतो. विषाची मात्रा तीच, पण ती पसरायला शरीर लहान, हे त्याचे साधे कारण.

मुलाच्या मनगटाला सुतळी बांधली गेली, बोटाला कांदा चोळला गेला आणि शेजारच्या वस्तीवर विंचू उतरवणाऱ्या एका गृहस्थांकडे नेण्यात पाऊण तास गेला. अशा गृहस्थांना यश येते हे नाकारण्याचे कारण नाही, कारण विंचवाचे बहुसंख्य दंश काहीही न करता आपोआप उतरतात; अडचण उरलेल्या थोड्या दंशांची असते. या मुलाला 20 मिनिटांत दोन उलट्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली आणि सदरा पिळता येईल इतका घाम सुटला. रात्री 9 वाजता तो प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचला तेव्हा बोटाचे दुखणे बरेच कमी झाले होते, आणि त्यामुळे घरची माणसे निर्धास्त झाली होती. वैद्यकीय अधिकारी निर्धास्त झाले नाहीत. हातपाय थंडगार आणि ओले होते, नाडी मिनिटाला 148 होती आणि रक्तदाब 142/100 होता. या वयात तो 100/60 च्या आसपास असायला हवा. छाती स्वच्छ होती, शुद्ध पूर्ण होती, वजन 20 किलो भरले.

सुतळी सोडण्यात आली. बोटाच्या मुळाशी अ‍ॅड्रिनॅलिनविरहित लिडोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन देण्यात आले. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनची 0.6 मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, साध्या गोळीची पूड करून 9 वाजून 10 मिनिटांनी तोंडावाटे दिली गेली, मुलाला उठून बसू न देता आडवे ठेवण्यात आले, आणि जलसंजीवनीचे घोट सुरू झाले. घाम आणि लाळ पाहून ती आटवणारे अ‍ॅट्रोपिन देण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळण्यात आला. 108 च्या रुग्णवाहिकेतून मुलाला मोठ्या रुग्णालयात हलवले गेले आणि तेथे 11 वाजता विंचूदंशाची प्रतिविषलस देण्यात आली. मध्यरात्री फुप्फुसाच्या तळाशी बारीक चरचर ऐकू आली, प्राणवायू लावावा लागला. पहाटेपर्यंत हातपाय उबदार झाले आणि रक्तदाब 108/70 वर आला.

नेमके काय बिघडले

हे प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवले की हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘विषामुळे पेशीपटल फाटते आणि पेशीतील द्रव बाहेर येतो’. घोणस सापाच्या विषाबद्दल हे उत्तर काही अंशी लागू पडते. त्या विषातील फॉस्फोलिपेज ए-2 हे विकर पटलातील मेदरेणूची एक शेपटी छाटून टाकते, उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागू लागतो आणि पटलाची घडण खरोखरच विस्कटते. लाल विंचवाच्या विषातील प्रमुख घटक तसे काही करत नाहीत. ते पटलाला भोक पाडत नाहीत, पटल ओलांडून आत जात नाहीत, पेशीतील केंद्रक, तंतुकणिका किंवा रायबोझोम यांच्या वाटेलाही जात नाहीत. पटलाच्या बाहेरच्या बाजूला, एका विशिष्ट प्रथिनाच्या एका विशिष्ट वळणावर, ते जाऊन बसतात. आणि एवढ्यावर 20 किलो वजनाच्या निरोगी मुलाचा रक्तदाब दीडपट होतो. हे कसे घडते ते पाहायचे तर पटल कशाचे बनले आहे येथून सुरुवात करावी लागते.

दोन पदरी मेद

1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी रक्तातील तांबड्या पेशींमधून मेद वेगळा काढला, तो पाण्याच्या पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल असा पसरवला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन पदर असले पाहिजेत. गंमत अशी की त्यांनी सगळा मेद काढलाच नव्हता आणि पेशींचे पृष्ठफळही कमी मोजले होते. दोन चुकांनी एकमेकींना कापले आणि निष्कर्ष बरोबर आला.

या दोन पदरांतील प्रत्येक फॉस्फोलिपिड रेणूला पाण्याची ओढ असलेले डोके आणि पाण्याला टाळणाऱ्या दोन शेपट्या असतात. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे वळतात, शेपट्या मध्ये एकमेकींना चिकटून राहतात. कोणी बांधल्याशिवाय, केवळ पाण्यात असल्यामुळे, ही मांडणी आपोआप होते आणि फाटली तरी आपोआप सांधली जाते. मधला तेलकट भाग सुमारे 3 ते 4 नॅनोमीटरचा, डोक्यांसह मेदाची जाडी सुमारे 5 नॅनोमीटरची आणि प्रथिने धरून संपूर्ण पटल 7 ते 10 नॅनोमीटरचे असते. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि मेदात विरघळणारे लहान रेणू या तेलकट भागातून सहज जातात. पाणी त्यातून काही प्रमाणात झिरपते. मात्र जिथे ते झपाट्याने जायला हवे तिथे त्यासाठी अ‍ॅक्वापोरिन ही वेगळी प्रथिने असतात, ज्यांच्या शोधाबद्दल पीटर आग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन मात्र आकाराने कितीही लहान असला तरी तेलकट भागातून जवळजवळ जातच नाही, कारण त्याच्याभोवती गोळा झालेले पाण्याचे रेणू सोडून तेलात शिरणे त्याला ऊर्जेच्या हिशोबाने परवडत नाही. विंचवाच्या विषातील 60 ते 70 अमिनो आम्लांचे, विद्युतभार असलेले पेप्टाइडही याच कारणाने बाहेरच अडते.

1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलेल्या द्रव-मोझेक प्रतिमानाने या मेदाच्या पदरांत प्रथिने रुतलेली आणि सरकती दाखवली. त्याआधी दोन वर्षे, 1970 मध्ये, फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी एकमेकींत मिसळून एक संकरित पेशी केली होती. 37 अंश सेल्सियसला सुमारे 40 मिनिटांत दोन्हींची पृष्ठप्रथिने सगळीकडे मिसळून गेलेली दिसली. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून इतक्या ठळकपणे सांगितला जातो की पटलातील प्रत्येक प्रथिन मोकाट फिरते असा समज होतो. तो खरा नाही. चेतातंतूतील सोडियम वाहिन्या ठरावीक जागी दाटीने, अँकिरिन या प्रथिनाने आतल्या सांगाड्याला जखडलेल्या असतात, आणि तशा त्या असतात म्हणूनच चेतेतील संदेश ठरल्या वेगाने जातो. आपल्या रुग्णाच्या करंगळीपासून मेंदूपर्यंत गेलेली पहिली कळ याच जखडलेल्या वाहिन्यांमधून गेली.

सांभाळलेला असमतोल

चेतापेशीच्या बाहेर सोडियमची संहती लिटरला सुमारे 145 मिलिमोल असते, आत 10 ते 15. पोटॅशियमचे उलट : आत 140 च्या आसपास, बाहेर 4. हा असमतोल राखण्याचे काम पटलातील सोडियम-पोटॅशियम पंप करतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. खेकड्याच्या चेतांवर काम करताना येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये हे विकर ओळखले. त्याचे नोबेल त्यांना 40 वर्षांनी, 1997 मध्ये मिळाले. विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या एका पंपावर जातो, यावरून पेशीला या असमतोलाची किंमत किती वाटते ते कळते.

विश्रांत पटलातून पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपते आणि आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. 70 मिलिव्होल्ट ही संख्या किरकोळ वाटते. पण ती 5 नॅनोमीटरच्या जाडीवर पडलेली असते. मीटरच्या हिशोबाने हे विद्युतक्षेत्र 1 कोटी 40 लाख व्होल्ट होते. एवढ्या तीव्र क्षेत्रात उभे असलेले प्रथिन विद्युतदाबातील लहानशा बदलानेही हलणार, यात नवल नाही. आणखी एक हिशोब येथे करून पाहण्याजोगा आहे. पटलावरील दाब 100 मिलिव्होल्टने बदलायला दर चौरस मायक्रोमीटरमागे जेमतेम 6,000 आयन पलीकडे जावे लागतात. म्हणजे एका संदेशामुळे आतबाहेरच्या संहतीत काही जाणवण्याइतका फरक पडत नाही. चेतापेशीत सोडियमचा ‘पूर’ येतो हे वर्णन म्हणून नेहमी दिशाभूल करते : बदलतो तो विद्युतदाब, आणि परिणाम घडवतो तोही विद्युतदाबच.

न मिटणारे दार

सोडियम वाहिनी हे सुमारे 2,000 अमिनो आम्लांचे एक सलग प्रथिन आहे. ते पटलाच्या आरपार 24 वेळा जाते-येते. हे 24 पट्टे सहा-सहाच्या 4 गटांत असतात आणि चारही गट मधल्या छिद्राभोवती उभे राहतात. प्रत्येक गटातील चौथ्या पट्ट्यावर ठरावीक अंतराने धन भाराची अमिनो आम्ले असतात. आतली बाजू ऋण असताना हे पट्टे आत ओढलेले राहतात आणि छिद्र बंद राहते. दाब थोडा कमी झाला की ते बाहेरच्या अंगाला सरकतात, छिद्र उघडते, आणि सेकंदाला कोटीच्या घरात सोडियम आयन आत येऊ शकतील असा मार्ग तयार होतो. तो एक-दोन मिलिसेकंदच खुला राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या गटांना जोडणारा आतल्या बाजूचा लहानसा दुवा वर येऊन छिद्राचे कार्य थांबवतो. याला निष्क्रियता म्हणतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून उघडणे आणि निष्क्रिय होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे गणिताने दाखवले, त्या काळी वाहिनी नावाचे प्रथिन कोणी पाहिलेही नव्हते. एकेका वाहिनीतून जाणारा प्रवाह प्रत्यक्ष मोजण्यासाठी 1976 मधील नेहर आणि साकमन यांच्या पॅच क्लॅम्प तंत्राची वाट पाहावी लागली.

विंचवाच्या विषातील अल्फा गटाची पेप्टाइडे चौथ्या गटाच्या चौथ्या पट्ट्यालगत, बाहेरच्या बाजूच्या वळणावर बसतात. हाच पट्टा पूर्ण सरकला की निष्क्रियतेची क्रिया सुरू होते. पेप्टाइड त्याला पूर्ण सरकू देत नाही. परिणामी छिद्र नेहमीसारखे उघडते, पण वेळेवर मिटत नाही. सोडियम आत येत राहते, संदेश लांबतो आणि एका संदेशाऐवजी संदेशांची माळ लागते. जायकवाडी काठोकाठ भरलेली असताना धरणाची भिंत शाबूत राहूनही 27 दरवाज्यांपैकी काही ठरल्या वेळी खाली आले नाहीत, तर गोदाकाठी जे होईल त्याच जातीचा हा बिघाड आहे.

त्यात भर म्हणून या विषात पोटॅशियम वाहिन्या अडवणारी पेप्टाइडेही असतात. त्यांपैकी 37 अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन 1990 मध्ये याच लाल विंचवाच्या विषातून वेगळे करण्यात आले, आणि ते कॅल्शियमने उघडणाऱ्या एका मोठ्या पोटॅशियम वाहिनीलाच अडवते, इतर वाहिन्यांना जवळजवळ शिवत नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा त्या वाहिनीचा अभ्यास करण्यासाठी आज हेच पेप्टाइड वापरतात. पेशीला विश्रांत स्थितीत परत आणण्याचे काम पोटॅशियम वाहिन्यांचे असते. एका बाजूने उत्तेजन मिटत नाही आणि दुसऱ्या बाजूने ते शमवणारा मार्गही अडलेला, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

वादळ

आता रुग्णाच्या लक्षणांकडे परत जाऊ. विष रक्तातून फिरू लागल्यावर हृदय, ग्रंथी यांना आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेच्या तंतूंची टोके सतत चेतवली जातात. टोकाला विद्युतदाब बदलला की तेथील कॅल्शियम वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येते आणि चेतापारेषक, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारी रसायने, भरलेल्या इवल्या पिशव्या पेशीपटलाशी एकरूप होऊन आपला ऐवज बाहेर रिता करतात. पिशवीचे पटल आणि पेशीचे पटल एकच होऊन जाणे हे केवळ दोन्ही पटले द्रवरूप असल्यामुळे शक्य होते; या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना 2013 चे नोबेल मिळाले. सुरुवातीला अ‍ॅसिटिलकोलीनचा जोर असतो, म्हणून उलट्या, लाळ आणि घाम. पाठोपाठ शरीराला ताणासाठी सज्ज करणारे अनुकंपी तंतू आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन व अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात ओततात. 9 वाजता आरोग्य केंद्रात दिसले ते चित्र या दुसऱ्या टप्प्याचे होते. पहिल्या टप्प्याची लक्षणे दाबण्यासाठी अ‍ॅट्रोपिन दिले तर दुसऱ्या टप्प्याला मोकळे रान मिळते, हृदय आणखी वेगाने धावते. ते टाळण्याचे कारण एवढेच. बोटाचे दुखणे कमी झाले म्हणजे विष उतरले, हा घरच्यांचा समजही येथे फसवा ठरतो. ज्यांना दंशाच्या जागी असह्य कळा आहेत पण हातपाय उबदार आहेत, त्यांची काळजी त्या मानाने कमी असते.

नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही पटलातून आत जात नाही. रक्तवाहिनीच्या स्नायुपेशीवर असलेल्या अल्फा-1 या ग्राही प्रथिनाला ते बाहेरून जोडले जाते. हे प्रथिन पटलाच्या आरपार 7 वेळा जाते. बाहेर काही बसले की त्याचा आतला भाग वळतो आणि आतल्या बाजूच्या, निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाला जागे करतो. पुढची पायरी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लक्षणीय वाटते. जागे झालेले जी-प्रथिन एका विकराकरवी पटलाच्या आतल्या पदरातील एक विशिष्ट फॉस्फोलिपिड, पीआयपी-2, कापते. त्याचे पाण्यात विरघळणारे डोके सुटून पेशीत जाते आणि तेथील कॅल्शियमच्या साठ्याच्या पटलातील वाहिनी उघडते. शेपट्या पटलातच राहून दुसरा संदेश देतात. म्हणजे आडोसा म्हणून ज्या मेदाचा आपण विचार करतो, तोच मेद निरोपाचा कच्चा माल असतो. कॅल्शियम वाढले की स्नायू आकसतो, लहान धमन्या अरुंद होतात, हातापायांची त्वचा थंड पडते, रक्तदाब चढतो. चढलेल्या दाबाविरुद्ध डावे हृदय थकले की फुप्फुसांत द्रव साचू लागतो. मध्यरात्री ऐकू आलेली चरचर ती हीच.

औषधे कुठे काम करतात

लिडोकेन हे विषासारखेच सोडियम वाहिनीवर काम करते, पण त्याचा मार्ग वेगळा आहे. 7.4 सामू असताना त्याचे साधारण एक चतुर्थांश रेणू विद्युतभाररहित असतात. हे रेणू मेदाचे दोन्ही पदर ओलांडून आत शिरतात, आत पुन्हा भारित होतात आणि छिद्राला आतल्या बाजूने अडवतात. क्यूएक्स-314 हे त्याचेच एक रूप कायम भारित असते; ते चेतातंतूच्या बाहेर ठेवले तर काही होत नाही, तंतूच्या आत सोडले तर वाहिन्या बंद पडतात. एकाच प्रथिनावर एक रेणू बाहेरून आणि दुसरा आतून काम करतो, आणि कोणाला कोणता मार्ग मिळेल ते मधला तेलकट थर ठरवतो. पेशीपटलाच्या निवडक्षमतेचे याहून नेटके उदाहरण शाळेतल्या प्रयोगात पाण्यात फुगणाऱ्या बेदाण्यांत सापडणार नाही. लिडोकेनने करंगळी बधिर झाली. रक्तात फिरणाऱ्या विषावर त्याचा काही इलाज नव्हता.

प्राझोसिन अल्फा-1 ग्राहीची जागा अडवते. रक्तदाबाचे औषध म्हणून ते आधीपासून बाजारात होते. विंचूदंशात त्याचा उपयोग करण्याचे श्रेय डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याकडे जाते. मूळचे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे हे डॉक्टर 1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि कोकणात लाल विंचवाने मरणारी माणसे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून, तासातासाला नोंदी घेत पाहिली. हा मृत्यू विषाने थेट होत नसून शरीराच्याच अ‍ॅड्रिनॅलिनच्या लाटेने होतो आहे, हे ओळखल्यावर ग्राही अडवण्याचा विचार ओघाने आला. 1980 च्या दशकात प्राझोसिन वापरात आल्यावर त्यांच्या रुग्णांतील मृत्युदर 40 टक्क्यांच्या आसपासवरून 1 टक्क्याच्या जवळ आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र ग्राही अडलेले असताना रुग्णाला एकदम उठवून बसवले तर रक्तवाहिन्या वेळेवर आकसू शकत नाहीत आणि दाब कोसळतो. मुलाला आडवे ठेवण्याचे कारण हे.

जलसंजीवनीचे काम आतड्याच्या पटलावर चालते. तेथील एक वाहक प्रथिन 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज असे एकत्रच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. उलट्या आणि घाम यांतून गेलेले पाणी आणि मीठ नुसत्या पाण्याने भरून निघत नाही, ते यामुळे. फुप्फुसातील द्रव ओसरण्याची रीतही याच कुळातली आहे : वायुकोशांच्या पेशी सोडियम पटलातून आत घेतात, पंप ते रक्ताच्या बाजूला टाकतो आणि पाणी त्याच्या पाठीमागे जाते.

राहिली प्रतिविषलस. तिच्यातील प्रतिद्रव्ये रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाला पकडतात, म्हणजे वाहिनीपर्यंत पोचू देत नाहीत. 2011 मध्ये बावस्कर दांपत्याने 70 रुग्णांवर केलेल्या चाचणीत, प्राझोसिनसोबत प्रतिविषलस मिळालेल्या गटातील 91.4 टक्के रुग्ण 10 तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात हे प्रमाण 22.9 टक्के होते. आपल्या रुग्णाला लस दंशानंतर साडेतीन तासांनी मिळाली. तोवर बरेचसे विष वाहिन्यांवर बसले होते आणि त्याच्याही पुढे, अधिवृक्क ग्रंथीतून बाहेर पडलेले अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात फिरत होते. त्या अ‍ॅड्रिनॅलिनवर प्रतिद्रव्यांचा काही अंमल चालत नाही. म्हणून लस चालू असतानाही मध्यरात्रीनंतर 10 मिनिटांनी प्राझोसिनची दुसरी मात्रा द्यावी लागली. वाहिन्यांवरचे पेप्टाइड कायमचे चिकटलेले नसते, ते सुटते आणि पुन्हा बसते. रक्तातील मोकळे विष लसीने पकडल्यावर सुटलेल्या पेप्टाइडची जागा घ्यायला नवे येईना, तसतशा वाहिन्या पुन्हा वेळेवर मिटू लागल्या. पहाटे तीनच्या सुमारास तळपाय उबदार लागले. प्राझोसिनची तिसरी मात्रा काढून ठेवली होती, ती वापरावी लागली नाही. हृदयाचा आलेख दुसऱ्या दिवशी पुन्हा काढण्यात आला आणि तो निर्दोष आल्यावर मुलाला घरी सोडण्यात आले.